नदीला विचारा, मासे सांगतील

मुलांनो, पुण्याच्या लकडी पुलावरून तुम्ही कधी खाली पाहिले आहे का? तिथे मुठा नदी संथ आणि काळपट दिसते. तीच नदी सह्याद्रीच्या डोंगरात दगडगोट्यांवरून खळाळत वाहते. नदी एकच, पण दोन्ही ठिकाणचे मासे सारखे नसतात. असे का बरे?

माशांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते कल्ल्यांनी घेतात. वाहत्या पाण्यात हवा चांगली मिसळते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम! नदीत सांडपाणी आले, की घाण कुजवणारे जीवाणू हा प्राणवायू संपवतात.

आता दोन मासे पाहू. पहिला महसीर. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले. तो मासा पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठा नदीत मिळाला होता. महसीरला स्वच्छ, वाहते पाणी लागते. तो खडीवर अंडी घालतो. खडीवर गाळ बसला, की अंडी गुदमरतात. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट दिशेने वर जातो; पण धरण त्याची वाट अडवते.

दुसरा मासा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून तिला गाळाची भीती नाही. कमी प्राणवायूतही तो तग धरतो.

म्हणून नदीत मासे दिसले, की नदी निरोगी आहे असे समजू नका. मासे कोणते आहेत, ते विचारा.

लोणावळ्याला १९७० नंतरच्या दशकात महसीरची पैदास सुरू झाली. तिथली पिल्ले अनेक नद्यांत सोडली गेली. पण पिल्ले जगायला तशी नदीही हवी. ज्या नदीत महसीर प्रथम ओळखला गेला, तिथे तो परत यावा, असे तुम्हांला वाटते ना? मग नदीत कचरा टाकणारा हात आधी आपलाच थांबवू या.

शब्दार्थ : कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव, तग धरणे – टिकून राहणे, पैदास – पिल्ले वाढवणे.

स्वाध्याय : चिलापी गढूळ पाण्यातही का जगतो?