भिंतीतला जोड

केतकीचा भाऊ न्यू जर्सीहून शॉवरचा अख्खा सेट घेऊन आला. ठाण्यातल्या जुन्या इमारतीत तो बसेना, तेव्हा तिने काकांना गाठलं. काकांनी अनेक वर्षं आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवला आहे.

केतकी : काका, हा आर्म एक-दोन फेऱ्या छान जातो आणि मग अडतो. पाना लावून जरा जोर देऊ का?

काका : खबरदार! भिंतीतल्या एल्बोचे आटे गेले तर टाइल फोडावी लागेल. हाताने तीन-चार फेऱ्या गेल्या तरच पान्याला हात लावायचा.

केतकी : पण दोन्ही अर्ध्या इंचाचेच आहेत ना?

काका : नावाने. मोजून बघ. आपल्याकडच्या अर्ध्या इंची आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, अमेरिकी पाइपाचा २१.३. इंचाला आटे मात्र दोन्हीकडे १४च, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. खरा फरक कोनात आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनी १८४१ मध्ये आट्यासाठी ५५ अंशांचा कोन सुचवला, आपले पाइप त्याच परंपरेतले. अमेरिकेत ६० अंश. केवढा मोठा माणूस! त्याच्या आधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच याची खात्री नसायची. आणि आज दुकानात आट्याबद्दल विचारलं की समोर क्रोमची चकाकी दाखवतात. थ्रेड गेज ठेवायला कितीशी जागा लागते?

केतकी : काका, खालच्या काकूंच्या छताला ओल आली तर? मला तेवढीच धास्ती आहे.

काका : सांगतो ना.

केतकी : टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले तर?

काका : टेप बारीक फटी भरते, चुकीचा आटा बरोबर करत नाही. कोनच जुळत नसेल तर आट्यांच्या कडेने पाण्याला वळसे घेत जायला वाट राहते. पूर्वी आम्ही ताग आणि सफेदा वापरायचो, तेव्हाही आधी आटा जुळवून बघायचो.

केतकी : मग हा सेट परत पाठवू?

काका : कशाला? भिंतीत जाणारा आर्म इथला घे, पितळी. अमेरिकेचा फक्त शॉवर वापर. त्याच्या आत रबरी वॉशर असतो, तो आर्मच्या टोकावर दाबून बसतो, त्यामुळे बहुधा भागतं. आणि ठिबकलं तरी न्हाणीघरात, तुझ्या डोळ्यांसमोर. न जुळणारा जोड भिंतीत कधीच ठेवायचा नाही, तो नेहमी बाहेर, दिसेल असा.

केतकी : एल्बो टाइलच्या खूप आत आहे. इथला आर्म पोहोचेल?

काका : जुन्या टाइलवर नवी टाइल चढवली की असंच होतं. काम करणाऱ्याने तेव्हाच एल्बो पुढे घ्यायला हवा होता, पण कुणाला सवड नसते. एक्स्टेन्शन निपल घे; अर्धा, एक, दीड इंच, लांबी मोजून. एकच योग्य लांबीचा. दोन छोटे जोडलेस की आत एक सांधा वाढला.

केतकी : आणि तो सांधा गळला तर खालच्या काकूंच्या...

काका : अगं, म्हणून तर तपासायचं! गच्चीवरची टाकी तुझ्या शॉवरपासून जेमतेम तीन मीटर वर, दाब सुमारे ०.३ किलो. इतक्या कमी दाबात बारीक गळती चटकन जाणवत नाही. शिवाय शॉवर चालू असेल तेवढाच वेळ पाणी तिथे येतं, म्हणून छतावर डाग पडायला महिने लागतात. आधी एल्बोतले जुने टेपचे तुकडे आणि गंज साफ कर. निपलवर टेप गुंडाळताना त्याचं टोक स्वतःकडे धर आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे दे. बसवून झालं की शॉवर न लावता आर्मच्या टोकाला डमी प्लग लाव, गीझरकडचा कॉक बंद ठेव आणि फक्त थंड पाणी सोड. फ्लँज पुढे सरकवून भिंतीच्या भोकाखाली कोरडा टिश्यू चिकटव.

केतकी : किती वेळ ठेवू?

काका : रात्रभर.

केतकी : आणि सकाळी टिश्यू ओला दिसला तर?

काका : निपल काढायचा, जुनी टेप पूर्ण खरवडायची, नवी गुंडाळायची आणि पुन्हा रात्रभर ठेवायचं. पुट्टी लिंपायची नाही. कोरडा राहिला की फ्लँज टेकव, शॉवर लाव.