संगणकाची पहिली भाषा

मालवणच्या किनाऱ्यावर गाबिताचा मुलगा प्रथम लहान होडी वल्हवावयास शिकतो. यांत्रिक नौकेचे सुकाणू त्याच्या हाती मागाहून येते. संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. १९७२ च्या सुमाराची ‘सी’ भाषा सामर्थ्यवान खरी. परंतु स्मृतीतील जागेचा हिशेबही ती नवख्याकडूनच मागते, आणि तेथे पुष्कळांचा धीर सुटतो. उलट, १९६७ साली मुलांसाठीच रचलेल्या ‘लोगो’ भाषेत पुढे कासव आले. त्याला शंभर पावले चालावयास व नव्वद अंश उजवीकडे वळावयास चारदा सांगितले, की पडद्यावर चौरस उमटतो. वळण चुकले, तर चूक तत्काळ डोळ्यांस दिसते. वायंगणीच्या वाळूत कासवाचा माग पाहिलेल्या मुलास हे निराळे सांगणे नको! १९९१ सालच्या ‘पायथन’ भाषेतही आता ते कासव आहे. आणि ती भाषा शास्त्रज्ञही वापरतात.