तापाचं नाव सांगणारी खोली

ताप वरून सारखाच दिसतो. अंग तापतं, डोकं दुखतं. पण तो हिवताप की विषमज्वर, हे नुसतं कपाळाला हात लावून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. जिथं रक्त तपासतात, त्या जागेला प्रयोगशाळा म्हणतात. अशाच एका प्रयोगशाळेची ही हकिगत.

आफ्रिका खंडाच्या पश्चिमेला, समुद्राकाठी सिएरा लिओन नावाचा देश आहे. त्याच्या पूर्व भागात केनेमा हे शहर आहे. तिथल्या सरकारी इस्पितळात आसपासच्या खेड्यांतले रोगी येतात.

या भागात लासा नावाचा ताप आहे. १९६९ साली नायजेरिया देशातल्या लासा गावी तो प्रथम ओळखला गेला. म्हणून हे नाव पडलं. एका जातीच्या उंदरापासून तो होतो. उंदीर घरात शिरतो, धान्यात मुततो, लेंड्या टाकतो. ती घाण पोटात गेली की ताप येतो. पुष्कळ जण थोडक्यात बरे होतात. काहींच्या मात्र नाकातोंडातून रक्त येतं आणि जीव जातो. रोग्याचं रक्त लागलं, तर दुसऱ्यालाही हा रोग होतो.

केनेमाला डॉक्टर अनिरू कॉन्टेह या रोग्यांना बघत. १९९१ ते २००२ पर्यंत देशात यादवी चालली होती. तरी त्यांनी हे काम सोडलं नाही. २००४ साली एका रोग्याचं रक्त काढताना त्यांना सुई टोचली. त्याच तापानं ते गेले.

तेव्हा पक्क्या तपासणीसाठी रक्त परदेशी धाडावं लागे. उत्तर येईपर्यंत रोगी बरा होई, नाही तर दगावे. पुढं अमेरिकेतल्या ट्युलेन विद्यापीठाच्या मदतीनं केनेमालाच प्रयोगशाळा उभी राहिली.

पण यंत्रं आणली म्हणजे काम झालं, असं नाही. वीज गेली तर शीतपेटीतली औषधं नासतात. म्हणून वीज तयार करणारं इंजिन हवं. हातांत मोजे हवेत. वापरलेली सुई जाड डब्यातच टाकायला हवी. नळीवर रोग्याचं नाव बरोबर लिहायला हवं. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर घात होतो! हे सारं काम तिथलीच माणसं शिकली.

२०१४ साली शेजारच्या गिनी देशात इबोला हा भयंकर रोग पसरला. तो सिएरा लिओनमध्ये शिरल्याचं २५ मे २०१४ रोजी याच प्रयोगशाळेनं ओळखलं. रक्त परदेशी धाडावं लागलं नाही. पण साथ मोठी होती. माणसं आणि साधनं अपुरी पडली. तिथले मुख्य डॉक्टर शेख हुमार खान २९ जुलैला इबोलानंच गेले. कितीतरी परिचारिकाही गेल्या.

रोगाचं नाव कळणं ही पहिली पायरी. ती नसेल तर पुढची वाटच दिसत नाही. पण पुढंही चालावं लागतंच.

मंडळी, दवाखान्यात रक्त काढायचं म्हटलं तर भिऊ नका. नळीवरचं आपलं नाव मात्र बघून घ्या. आता तुम्हांला वाचता येतं!

सांगा पाहू :
१. लासा ताप कशापासून होतो?
२. नळीवर नाव बरोबर का हवं?
३. तुमच्या घरी धान्य झाकून ठेवतात का?