श्रोणीचा अस्थिभंग आणि आंतील रक्तस्राव

हात कापला असतां जखमेवर स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु रक्त शरीराच्या आंतच वाहूं लागलें, तर फडकें दाबावें तरी कोठें? माडावरून पडलेल्या किंवा मोटारीखालीं सांपडलेल्या मनुष्याच्या बाबतींत हा प्रश्न पुष्कळदां उभा राहतो.

कमरेखालचीं दोन रुंद हाडें व पाठीमागील त्रिकास्थि मिळून एक कडें होतें, तीच श्रोणि. जबर आघातानें हें कडें फुटून रुंदावलें म्हणजे त्याच्या आंतील नीलांचें नाजूक जाळें फाटतें. बहुतेक रक्त या नीलांतून व मोडलेल्या हाडांतूनच झिरपतें. रोहिणी तुटणें त्या मानानें विरळा, पण अधिक घातक. प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. त्यांतील कित्येक लिटर, बाहेर एक थेंबही न दिसतां, पोटाच्या मागील बाजूस सांठूं शकतें. पांढरा फटक चेहरा, गार हातपाय व जलद नाडी, एवढीच काय ती साक्ष!

अशा वेळीं प्रथम १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रांत ही सोय २०१४ पासून आहे. पोलिसांच्या भीतीनें पुष्कळ लोक दूर राहतात; परंतु सद्भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ च्या कायद्यानें संरक्षण दिलें आहे, व नांव सांगण्याचीही त्यास सक्ती नाहीं.

फुटलेलें कडें मिटविणें हाच खरा उपाय. शिकलेले मदतनीस याकरितां तयार पट्टा वापरतात; तो नसल्यास दुमडलेली चादर चालते. ती गुडघ्यांखालील पोकळींतून हलकेंच वर सरकवितात. मर्म आहे तें बांधण्याच्या जागेंत. कमरेस बांधलेला पट्टा निरुपयोगी होय. मांडीच्या वरच्या टोकास, बाहेरच्या अंगास, जें टणक हाड हातास लागतें त्याच्या पातळीवरच तो आवळावा. गुडघे व पावलेंही जवळ आणून बांधावीं. हाड मोडलें कीं काय हें पाहण्यासाठीं कमर दाबणें, कुशीवर वळविणें, बगलेंत धरून उचलणें, हीं सर्व वर्ज्य. नुकतीच धरलेली रक्ताची गुठळी त्यानें सुटते. अंगावर घोंगडें घालावें, कारण शरीर थंड पडलें म्हणजे रक्त नीट गोठत नाहीं. पाणी पाजण्याची आमची जुनी रीत येथें आवरावी. शस्त्रक्रियेचा प्रसंग येण्याचा संभव असतो.

रुग्णालयांत रक्त देतात, व ३ तासांच्या आंत ट्रॅनेक्झामिक ॲसिड टोंचतात. उताको व शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याच्या संशोधनांतून निघालेलें हें औषध अपघातांतील मृत्यू कमी करतें, असें २०१० सालीं एका मोठ्या पाहणींत दिसून आलें. पुढें हाडें बाहेरून सळ्यांनीं जखडणें, आंत पट्ट्या ठासून भरणें, किंवा नळी घालून फुटलेली रोहिणी बुजविणें, यांपैकीं योग्य तें शस्त्रवैद्य ठरवितात. तोंवर चादरीची गांठ सोडावयाची नाहीं.