लुक्का : शत्रूची वाट पाहणारा तट

विद्यार्थी मित्रांनो, किल्ला पाहायला गेलो की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, इथं लढाई कधी झाली?" आज अशा शहराची ओळख करून घेऊ, ज्याचा तट भक्कम आहे, पण त्यावर शत्रूचा हल्ला कधी झालाच नाही.

इटलीच्या तोस्काना प्रांतात सेर्किओ नदीजवळ लुक्का वसलेलं आहे. इ.स.पूर्व १८० मध्ये ती रोमन वसाहत झाली. मध्ययुगात इथल्या रेशमाला युरोपभर मागणी होती. पैसा आला की शेजाऱ्याची नजर पडतेच! फ्लॉरेन्सने जवळचं पिसा जिंकून घेतलं होतं. आता आपली पाळी, ही धास्ती लुक्काला होती.

म्हणून १५०४ पासून नवा तट बांधायला घेतला. काम जवळजवळ दीडशे वर्षे चाललं. लांबी चार किलोमीटरहून थोडी जास्त, उंची सुमारे १२ मीटर. तोफांपुढे नुसती उंच भिंत टिकत नाही, म्हणून बाहेरून विटा आणि आत मातीचा जाड भराव. गोळा मातीत रुतून बसतो. भराव खचू नये म्हणून वर झाडे लावली, कारण मुळं माती धरून ठेवतात.

आणि शत्रू? आलाच नाही. "मग एवढा खर्च फुकट गेला का?" असं वर्गात एका मुलीने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता.

१८१२ साली सेर्किओला मोठा पूर आला. वेशीचे दरवाजे बंद केले आणि तटाने पाणी बाहेरच अडवलं. तेव्हा लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिसा हिची सत्ता होती. ती नेमकी बाहेर अडकली, दरवाजा तर उघडता येईना. शेवटी तिला यारीने उचलून तटावरून आत घेतलं, असं सांगतात. (इथे वर्ग खूप हसला.)

पुढे फ्लॉरेन्सने रस्त्यांसाठी आपल्या तटाचा बराच भाग पाडला. लुक्काने मात्र तटावर फिरायला रस्ता केला. आज तिथं लोक सायकली चालवतात. वरून ग्विनीजी मनोरा दिसतो, त्याच्या माथ्यावर चक्क झाडे आहेत!

उपक्रम : इटलीच्या नकाशात लुक्का, पिसा आणि फ्लॉरेन्स शोधा. आपल्या गावाला वेस असेल, तर तिचे दरवाजे कुठे गेले ते घरातल्या आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा.