दिशादर्शक यंत्राची काच आणि तिच्यावरील लेप

बमरोलीच्या मागांवर विणलेले कापड बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर या मार्गाने खानदेशात नेणारे आपल्यात अनेक आहेत. त्या प्रवासात उपग्रहांच्या संकेतांवरून वाट दाखविणारे हातातले यंत्र आम्ही जवळ बाळगतो. अशा यंत्राच्या काचेवर काही काळाने पांढुरके, नकाशासारखे डाग पडतात. ते मळाचे समजून आपण पुसू लागतो आणि डाग वाढतच जातात. त्या डागांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला, तर तिच्या एका पृष्ठभागावरून शेकडा सुमारे ४ भाग प्रकाश परत फिरतो. उन्हात अक्षरे न दिसण्याचे हे एक मोठे कारण होय. म्हणून काचेवर मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतका पातळ लेप देतात. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारक ठरतात आणि चकाकी मावळते. जुनी, काळवंडलेली भिंगे नव्यापेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात, हे इंग्लंडमधील डेनिस टेलर यांच्या १८९२ साली ध्यानात आले होते. पुढे १९३५ साली जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात असा लेप चढविण्याची रीत सिद्ध केली.

इतका पातळ थर घाम, उन्हापासून बचावाची मलमे आणि अमोनियायुक्त काचपुसणी द्रवे यांनी खराब होऊ शकतो. डास पळविणारी काही औषधे तर प्लॅस्टिकच मऊ करतात. धुळीने भरलेल्या फडक्याची घासणी सर्वांत वाईट.

एकदा गेलेला लेप घरी पुन्हा चढविता येत नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे. सुरतेच्या हिरेघासणीतही घासून गेलेले परत येत नसते. म्हणून हात कमीत कमी लावावा. आधी यंत्र बंद करून, फडके पाण्यात किंचित भिजवून, सौम्य साबणाच्या थेंबाने काच पुसावी व कोरडी करावी. मग तिच्यावर चकाकी न येणारी पारदर्शक पट्टी बसवावी. पट्टीचा चिकट थर काचेला लागून बसला की लेपाचे डाग पुष्कळसे लपतात. अक्षरे किंचित मऊ दिसतात. पण उन्हात वाचता येतात. बहुतेकांचे काम येथेच भागते.

एवढ्यानेही भागले नाही, तरच उरलेला लेप काढण्याचा विचार करावा. तोही वरचा भाग खरोखर काचेचा असल्यास. सेल काढून, कडा चिकटपट्टीने झाकून, सीरियम ऑक्साइडच्या ओल्या लेहाने हलक्या हाताने सर्वत्र सारखे घासावे. असे केल्यावर डाग जातील, पण चकाकी राहील. तेव्हा पट्टी हवीच. वरचा भाग प्लॅस्टिकचा असेल, किंवा दाबून चालणारा स्पर्शपडदा असेल, तर घासणी मुळीच करू नये.

हा धडा आम्ही पदरमोड करून शिकलो. घाईने दंतमंजनाचा लेह घेऊन प्लॅस्टिकचा पडदा चोळला. तो धुरकट झाला. धुळ्याकडे जाताना दुपारचे ऊन पाठीमागून थेट त्यावर पडले, आणि विसरवाडीला नंदुरबारचा फाटा दिसला नाही. माल उशिरा पोहोचला. पुढे एका दुकानदाराने यंत्र उघडून पडदा बदलला. पण पाणी अडविणारी रबरी कड नीट बसली नाही, आणि पहिल्याच पावसात आत ओल शिरली. तेव्हा यंत्र उघडावयाचेच झाल्यास ती कड नवी बसविली की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

शेवटी व्यापाऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट. पट्टी चिकटविलेले जुने यंत्र नव्यासारखे दिसते. ते विकताना लेप गेला आहे आणि यंत्र एकदा उघडले आहे, हे ग्राहकाला सांगितलेच पाहिजे. घाटात पावसात अडकलेला मनुष्य त्या काचेवर विसंबून असतो. चार पैसे कमी मिळतील; पण पुढच्या वेळी तोच ग्राहक आपल्याच दुकानाची पायरी चढेल.