उपदंशविचार : कॉकटेल आणि कवचफळे

प्रास्ताविक

मद्यसेवी रुग्णाचे प्रश्नपरीक्षण करताना 'किती घेता?' आणि 'केव्हापासून घेता?' हे दोन प्रश्न आपण न चुकता विचारतो. 'त्याबरोबर काय खाता?' हा तिसरा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. संहिताकारांनी तो वगळलेला नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्यय अध्यायात (अ. २४) मद्यसेवनाची युक्ती सांगताना अन्न, पान, वय, व्याधी, बल, काल, दोष आणि सत्त्व या आठ त्रिकांचा विचार करावयास सांगितले आहे, आणि या आठांत अन्नाचे नाव पहिले आहे.

अलीकडे शहरांतील उपाहारगृहांत आणि घरगुती मेजवान्यांत अमुक कॉकटेलबरोबर अमुक मेवा अशी जोडी लावण्याची पाश्चात्त्य पद्धत रुळू लागली आहे. त्यासोबत 'मी बदाम-अक्रोड खाऊन घेतो, त्यामुळे मद्य बाधत नाही' असा समजही रुग्णांच्या तोंडून ऐकू येतो. हा समज कितपत खरा, हे द्रव्यगुणशास्त्राच्या कसोटीवर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा हेतू मुळीच नाही, हे प्रारंभीच नमूद करतो.

उपदंश म्हणजे काय?

'उपदंश' म्हटले की वैद्याच्या मनात प्रथम सुश्रुतोक्त गुह्यरोग येतो. परंतु संस्कृतात मद्याबरोबर चघळावयाच्या पदार्थासही उपदंश म्हणतात. अमरकोशात मद्याच्या पर्यायशब्दांलगतच याच अर्थाचा 'अवदंश' हा शब्द दिला आहे. बोलीभाषेतील 'चखणा' तो हाच. म्हणजे पेयासोबत काही खाण्याची चाल नवी नाही. नवे आहे ते पेय.

हा फरक महत्त्वाचा आहे. केवळ संधानाने सिद्ध होणाऱ्या मद्यात अल्कोहोलचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, कारण ते वाढताच किण्वाचेच कार्य थांबते. आज आपल्याकडे मिळणारी व्हिस्की, रम, जिन किंवा फेणी ही ऊर्ध्वपातनाने काढलेली असून त्यांत सर्वसाधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते. चरकांनी वातप्रधान व्यक्तींस गौडिक (गुळाचे) आणि पैष्टिक (धान्याचे) मद्य हितकर सांगितले, म्हणून रम किंवा व्हिस्की त्यांच्या जागी ठेवता येणार नाही. योनिद्रव्य एक असले तरी तीक्ष्णत्व अनेक पटींनी वाढलेले आहे.

मद्याचे दहा गुण आणि कवचफळांचे चार

मद्य हे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी आणि विशद आहे. हे दहाही गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरोधी असल्याने मद्य हृदयात प्रवेश करून ओजास क्षुब्ध करते, अशी मदात्ययाची संप्राप्ती आहे.

आता कवचफळे पाहू. सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात (अ. २७) वाताम, अभिषुक, अक्षोट, मुकूलक, निकोचक आणि उरुमाण यांचा एक गट केला आहे. वाताम म्हणजे बदाम व अक्षोट म्हणजे अक्रोड यांविषयी शंका नाही. मधल्या काही नावांच्या ओळखीबाबत मतभेद आहेत. या गटाचे गुण गुरू, उष्ण, स्निग्ध व मधुर, आणि कर्म वातघ्न, बृंहण, वृष्य, बल्य, तसेच कफपित्तवर्धक असे सांगितले आहे. लगेच पुढे प्रियाल, म्हणजे चारोळी, याच गुणांची पण उष्णत्वरहित असल्याचा अपवाद नोंदविला आहे.

दोन्ही गुणसमूह शेजारी ठेवले की उत्तर हाती येते. कवचफळांचे गुरुत्व मद्याच्या लघुत्वास, स्निग्धत्व रूक्षत्वास आणि मधुर रस अम्ल रसास विरोध करतो. उष्ण गुण दोहोंत समान असल्याने तो वाढतो. तीक्ष्ण, सूक्ष्म, व्यवायी, आशुग, विकासी आणि विशद या उरलेल्या सहा गुणांस कवचफळांत थेट प्रतिद्वंद्वी नाही. थोडक्यात, तिघांस विरोध, एकास साथ आणि सहा अस्पर्शित. बदामाने मद्य 'बाधत नाही' हे विधान या हिशेबात बसत नाही.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. स्निग्ध आहार आमाशयात अधिक काळ राहतो, त्यामुळे अल्कोहोलचे शोषण मंदावते आणि रक्तातील त्याची सर्वोच्च पातळी कमी राहते. आशुग गुणास एवढाच काय तो लगाम. प्यालेल्या अल्कोहोलचा बहुतांश भार यकृतास उशिरा का होईना, उचलावाच लागतो. मद उशिरा चढतो म्हणून आणखी एक पेला घेतला गेला, तर लाभाऐवजी हानीच पदरी पडते.

प्रमुख कॉकटेले आणि त्यांच्या जोड्या

'कॉकटेल' शब्दाची छापील व्याख्या १८०६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात आढळते : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. हे 'बिटर्स' म्हणजे तिक्त द्रव्यांचा मद्यार्क. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अँगोस्टुरा बिटर्स योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टराने १८२४ मध्ये व्हेनेझुएलात पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून तयार केले. त्यातील जेन्शियन ही आपल्या किराततिक्ताच्याच कुलातील वनस्पती. तिक्त रसाचे दीपन-पाचन कार्य तेथेही ओळखले गेले होते, असे दिसते.

जोडी लावणारे मुख्यतः दोन नियम पाळतात : चवीचे साम्य किंवा चवीचा विरोध.

ओल्ड फॅशन्ड आणि मॅनहॅटन यांत ओकच्या भाजलेल्या पिंपात मुरलेली व्हिस्की असते. पिंपातून उतरणारा व्हॅनिलासारखा गंध आणि भाजलेल्या मेव्याचा खमंग गंध जुळतात, म्हणून त्यांच्याबरोबर भाजलेला अक्रोड किंवा त्याच कुलातील अमेरिकी पेकन देतात. अक्रोडाच्या सालीचा कषाय रस बिटर्सच्या तिक्त रसाशी मिळतो. ही साम्याची जोडी.

मार्टिनी म्हणजे जिन आणि कोरडी व्हर्मूथ. जिनचा प्राण असलेले ज्युनिपर म्हणजे आपली हपुषा. या तीक्ष्ण, रूक्ष पेयाबरोबर खारे बदाम देतात. स्नेहाने जिभेवरील तीक्ष्णता बोथट होते. निग्रोनीत जिन, गोड व्हर्मूथ आणि कडवट कॅम्पारी समभाग असतात. तिच्याबरोबर खारा पिस्ता किंवा काजू चालतो, कारण मिठाने कडू चव दबते. या विरोधाच्या जोड्या.

डायकिरीत रम, लिंबाचा रस आणि साखर असते. तिच्या आंबटपणास काजूचा मधुर-स्निग्धपणा सावरतो. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात व्हिक्टर बर्जेरॉन यांनी रूढ केलेल्या माय-ताय या पेयात तर बदामाचे सरबत आतच मिसळलेले असते. ही बाब पुढे पुन्हा येईल.

वैद्यास येथे सामान्य-विशेष सिद्धांत आठवावा. सामान्य हे वृद्धीचे आणि विशेष हे ऱ्हासाचे कारण. साम्याची जोडी जिभेस सुखावते, परंतु भाजलेला उष्ण मेवा आणि उष्ण मद्य यांचे साम्य पित्तासही वाढविते. विरोधाची जोडी गुणदृष्ट्या बरी ठरावी, तर तीत लवण रस येतो. लवण तृष्णा वाढविते आणि तहानेने पेला पुन्हा भरला जातो. रुचीची जोडी आणि पथ्याची जोडी एक नव्हे.

काजू, शेंगदाणा आणि फेणी

काजू आणि भुईमूग ही दोन्ही द्रव्ये दक्षिण अमेरिकेतून आलेली असल्याने संहितांत नाहीत. त्यांचा विचार गुणांवरूनच करावा लागतो. भुईमूग तर शिंबी वर्गातील आहे. गोव्याची काजूफेणी बोंडूच्या रसापासून होते, काजूगरापासून नव्हे. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. फेणीबरोबर काजूगर खाण्याची चाल सर्वपरिचित असली, तरी फेणी व काजूगर दोन्ही उष्ण. पित्तप्रकृतीस हा संयोग वर्ज्य समजावा.

प्रकृतीनुसार विचार

जो रुग्ण मद्य सोडण्यास अद्याप तयार नाही, त्याची हानी कमी करण्यापुरताच हा भाग उपयोगी आहे.

वातप्रधान व्यक्तीस चरकांनी स्निग्ध-उष्ण आहार सांगितला आहे. बिनमिठाचे बदाम, अक्रोड यांचा उपयोग असलाच तर येथे आहे. पित्तप्रधान व्यक्तीस मधुर, शीत आहार उक्त आहे. कवचफळांपैकी येथे केवळ चारोळी बसते, आणि डायकिरीसारखी अम्ल पेये टाळावीत. कफप्रधान व्यक्तीस यव, गोधूम व मरिचयुक्त जांगल मांसरस सांगितला असून गुरू-स्निग्ध मेवा अनुचित होय. त्याऐवजी लाह्या किंवा फुटाणे बरे.

मात्रेचा हिशेबही रुग्णास सांगावा. साठ मिलिलिटर मद्यातून (४२.८ टक्के) सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १४० किलोकॅलरी मिळतात, १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून ५६० हून अधिक. दोन पेले आणि एक वाटी शेंगदाणे म्हणजे एक जेवणच, आणि खरे जेवण त्यानंतर होते. स्थौल्य, मेदोरोग आणि यकृद्विकारात याकडे दुर्लक्ष नको.

विशेष सावधगिरी

प्रमेही रुग्ण इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेत असेल, तर मद्याने रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरू शकते. कवचफळांत कर्बोदके अल्प असल्याने मूठभर बदाम जेवणाची जागा घेत नाहीत.

कवचफळांची ॲलर्जी असलेल्यांत मद्य हे प्रतिक्रिया तीव्र करणारे सहकारी कारण ठरते. बदाम माय-तायमध्ये दिसत नाही, पण असतो. काजू सोसत नसलेल्यास बहुधा पिस्ताही सोसत नाही. दोन्ही एकाच कुलातील. आंबा, चारोळी आणि भल्लातक याच कुलातील होत. भल्लातकाचा त्वग्दाह हा काजूगराच्या ॲलर्जीहून भिन्न स्वरूपाचा आहे, दोहोंची गल्लत करू नये; परंतु भल्लातकाने ज्याची त्वचा एकदा बिघडली आहे, त्यास काजूच्या टरफलातील तेलापासूनही जपावे.

दमट जागी साठविलेल्या शेंगदाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन निर्माण होते. अफ्लाटॉक्सिन आणि मद्य या दोहोंची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांत केली असून दोहोंचा आघात यकृतावर होतो. खवट किंवा काळपट दाणा फेकून द्यावा. मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

औषधालयचालकांसाठी

आसवारिष्टांत संधानजन्य मद्य असते व त्याचे प्रमाण वेष्टनावर नमूद असते. ग्राहक मद्यमुक्तीसाठी डायसल्फिराम घेत असेल, तर अरिष्टाची अल्प मात्राही त्यास गंभीर बाधा करू शकते. विक्रीपूर्वी हा एक प्रश्न अवश्य विचारावा. वातामयुक्त पाक, अवलेह 'मद्याचा उतारा' म्हणून मागितल्यास तसा दावा करू नये. गोड व कडू बदाम यांची सरमिसळ होणार नाही याची काळजी घ्यावी. कडू बदामातून विषारी हायड्रोसायनिक आम्ल निर्माण होते.

सारांश

१. मद्यसेवी रुग्णास उपदंशाविषयी अवश्य विचारावे. अन्न हे आठ त्रिकांपैकी पहिले आहे.
२. कवचफळे मद्याच्या तीन गुणांस विरोध करतात, उष्णत्वास साथ देतात आणि सहा गुणांस हात लावीत नाहीत.
३. ती मद वेगाने चढू देत नाहीत, परंतु यकृताचा भार उतरवीत नाहीत.
४. खारवलेला व भाजलेला मेवा तृष्णा आणि पित्त वाढवितो.
५. ॲलर्जी, प्रमेह, यकृद्विकार आणि डायसल्फिराम या चार बाबींची चौकशी प्रत्येक वेळी करावी.

बदाम हे उत्तम बृंहण द्रव्य आहे. ते दुधाबरोबर द्यावे, रसायन म्हणून द्यावे. मद्याची ढाल म्हणून त्याची शिफारस वैद्याने करू नये.